विद्यार्थ्यांनी चालवलेला मटेरियल्स सायन्सचा आउटरीच आणि त्यासाठीचा निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी एका व्यावसायिक संघटनेच्या विद्यापीठातल्या विद्यार्थी शाखेची खजिनदार होते, नंतर छोट्या अनुदानांचे अर्ज वाचणाऱ्या समितीत बसले. त्यामुळे मागणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची, दोन्हीकडची गाऱ्हाणी मला पाठ आहेत. खालचे प्रश्न दोन्हीकडून येतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेक जण नेमके तिथेच अडखळतात.

विज्ञानाचा आउटरीच असतोच की. मटेरियल्स सायन्सचा वेगळा कशाला?

शाळेत भौतिकशास्त्राचा तास असतो, रसायनशास्त्राचा असतो. मटेरियल्स सायन्सचा, म्हणजे धातू, काच, प्लास्टिक असे पदार्थ आतून कसे असतात आणि त्यामुळे कसे वागतात या अभ्यासाचा, नसतो. मराठीत तर नावापासूनच घोळ आहे. ‘पदार्थविज्ञान’ म्हणावं तर ते नाव फिजिक्सला कधीच देऊन झालंय. ‘साहित्यशास्त्र’ म्हणावं तर ऐकणारा उपमा-उत्प्रेक्षांची वाट बघत बसतो. म्हणून इथे सरळ मटेरियल्स सायन्सच म्हणते.

ज्या विषयाचा शाळेत तासच नाही, तो कानावर पडतो तो घरात किंवा नात्यात कुणी त्या कामातलं असेल तरच. फोनची काच, विमानाच्या इंजिनातली पाती, गुडघ्यात बसवलेला सांधा, बॅटरी ही सगळी याच विषयाची करामत. पण ती पाहून ‘हे कुणीतरी शिकून बनवतं आणि ते शिक्षण मलाही घेता येईल’ असं आपोआप कुणाच्या मनात येत नाही. ज्यांच्या घरी सांगणारं कुणी नाही, ती मुलं इथे दारापर्यंतही पोचत नाहीत. वेगळा खर्च करायचा तो त्यांच्यासाठी.

आउटरीच आणि सहभाग वाढवणं एकच ना?

नाही. अर्ज नाकारले जातात ते मुख्यतः या एका गैरसमजापायी.

आउटरीच म्हणजे लोकांपर्यंत जाणं. सहभाग वाढवणं म्हणजे जे आजवर या क्षेत्रात आले नाहीत त्यांनी यावं, टिकावं, यासाठी काहीतरी करणं. मोठ्या विज्ञान महोत्सवात टेबल मांडलं आणि दिवसभरात शेकडो माणसं येऊन गेली, तर आउटरीच झाला. पण महोत्सवाला येतात कोण? ज्यांचे आईवडील सुट्टीच्या दिवशी मुलांना विज्ञान दाखवायला घेऊन येतात ते. त्या मुलांना आपल्या टेबलाची फारशी गरज नसते.

इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅस्पायर्स’ नावाचा एक दीर्घकालीन अभ्यास 2009 मध्ये सुरू झाला. लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 ते 14 या वयातल्या मुलांचा पाठपुरावा केला. बहुतेक मुलांनी विज्ञान आवडतं असंच सांगितलं. वैज्ञानिक व्हायचंय म्हणणारी मात्र साधारण 15 टक्केच निघाली. म्हणजे आवड निर्माण करण्यावर आपण जो पैसा ओततो तो बराचसा भरलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखा. कमतरता दुसऱ्याच गोष्टीची आहे: हे काम करणारं माणूस ओळखीचं असणं, वाट कुठून जाते ते माहीत असणं, आणि ‘हे माझ्यासारख्यांचं काम आहे’ असं वाटणं. याला त्या संशोधकांनी ‘सायन्स कॅपिटल’ म्हटलं. मी त्याला विज्ञानातली ओळखपाळख म्हणते.

मिल्ड्रेड ड्रेसलहाउस यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब घरातली मुलगी, शाळेत शिक्षिका व्हायचं ठरवून हंटर कॉलेजात गेली. तिथे भौतिकशास्त्रज्ञ रोझॅलिन यॅलो यांनी तिला शिकवलं आणि फिजिक्सकडे वळ म्हणून मागेच लागल्या. पुढे यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं, आणि ड्रेसलहाउस कार्बनच्या संशोधनातलं सर्वांत मोठं नाव झाल्या. 2012 चं नॅनोविज्ञानाचं कावली पारितोषिक त्यांचंच. आता हे सगळं एखाद्या महोत्सवातल्या टेबलावर झालं असतं का?

मग निधी मागताना नेमकं काय बदलायचं?

भेटींची संख्या. पंचवीस शाळांत एकेकदा जाण्यापेक्षा चार शाळांत सहा-सहा वेळा जायचे पैसे मागा. तिसऱ्या भेटीला मुलं तुम्हाला नावानं हाक मारतात. पाचव्या भेटीला एखादी मुलगी बाजूला येऊन विचारते, “ताई, हे शिकायला गणित किती लागतं?” खरं काम तिथून सुरू होतं, आणि एकदाच येऊन जाणाऱ्याला तो प्रश्न कधी ऐकूच येत नाही.

देणाऱ्यांना हे पटवावं लागतं, कारण अहवालात ‘दोन हजार मुलं’ हा आकडा ‘शंभर मुलं’ यापेक्षा भारदस्त दिसतो. समितीत बसून मीही त्या आकड्याला भुलले आहे. अर्जातच स्पष्ट लिहा: आम्ही मुद्दाम कमी मुलांपर्यंत जाणार आहोत, आणि त्याची कारणं ही.

विद्यार्थ्यांनीच का चालवायचं? प्राध्यापकांना जास्त येतं.

जास्त येतं, खरंच. पण चौदा वर्षांच्या मुलीला पन्नाशीतल्या प्राध्यापकामध्ये स्वतःचं भविष्य दिसत नाही. ते वीस वर्षांच्या मुलीत दिसतं, त्यातही ती तशाच शाळेतून, तशाच घरातून आली असेल तर जास्तच. शिवाय विद्यार्थ्याला आपण कुठे अडखळलो ते अजून ताजं आठवत असतं. प्राध्यापक ते केव्हाच विसरलेले असतात आणि ‘हे तर उघड आहे’ म्हणून नेमकी तीच पायरी गाळतात.

तोटेही आहेत. परीक्षेच्या दिवसांत सगळं ठप्प होतं. दर दोन वर्षांनी माणसं बदलतात. हिशेबात तर विद्यार्थी कच्चे असतातच (मी होते). म्हणून एक प्राध्यापक किंवा कार्यालयातला जाणता माणूस सही आणि सल्ल्यापुरता सोबत हवा. कार्यक्रम त्याने ठरवू नये.

पैसे देतं कोण?

वाटा चार आहेत. पहिली व्यावसायिक संघटनांची. मटेरियल्स रिसर्च सोसायटीच्या फाउंडेशनचा ‘ग्रासरूट्स’ अनुदान कार्यक्रम विद्यापीठांतल्या शाखांच्या प्रकल्पांना पैसे देत आला आहे. ‘मटेरियल अ‍ॅडव्हान्टेज’ हे विद्यार्थी सदस्यत्व एकदा घेतलं की चार संघटनांशी नातं जुळतं: सिरॅमिक्सची एसर्स, पोलादाची एआयएसटी, मूळची धातूंची एएसएम इंटरनॅशनल आणि खनिजं-धातूंची टीएमएस. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचा आउटरीच निधी आहे. पॉलिमर किंवा बॅटरीच्या प्रकल्पाला रसायनाची बाजू असतेच, तेव्हा तिकडेही नजर टाकावी.

दुसरी वाट संशोधन अनुदानांची, आणि ती विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1997 पासून प्रत्येक प्रस्ताव दोन कसोट्यांवर तपासायला सुरुवात केली. एक वैज्ञानिक गुणवत्ता, दुसरी समाजावर होणारा व्यापक परिणाम. म्हणजे तुमच्या प्राध्यापकांना त्या दुसऱ्या कसोटीसाठी काहीतरी ठोस लिहावं लागतं, आणि शेवटच्या रात्री ते बहुतेक ‘शाळांना भेटी देऊ’ असं लिहून मोकळे होतात. तुम्ही त्यांच्याकडे आखलेला कार्यक्रम आणि खर्चाचा तक्ता घेऊन महिनाभर आधी गेलात, तर त्यांची अडचण सुटते आणि तुमचा पैसा त्यांच्या अंदाजपत्रकात बसतो. त्याच संस्थेचा ‘प्रेम’ नावाचा कार्यक्रम आहे. (हे आद्याक्षरांचं नाव आहे, पण मराठी कानाला गोड लागतं.) उपेक्षित समाजांतल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या संस्था आणि मोठी मटेरियल्स संशोधन केंद्रं यांच्यात त्यातून दीर्घ भागीदारी उभी राहते. विद्यार्थी शाखेला थेट तिथे अर्ज करता येत नाही, पण तुमच्या विद्यापीठात अशी भागीदारी असेल तर तिच्या आधाराने काम करता येतं.

तिसरी वाट उद्योगांची: पोलाद, काच, चिप, बॅटरी बनवणारे कारखाने. ते पैशापेक्षा साहित्य आणि माणसं चटकन देतात, आणि कधीकधी तेच जास्त उपयोगी पडतं. चौथी वाट तुमच्याच विभागाची. प्रवेश वाढावेत असं विभागप्रमुखांना वाटतच असतं.

अंदाजपत्रक कसं मांडावं?

माझा ढोबळ हिशेब सांगते. शंभर भाग धरले तर मुलांना प्रयोगशाळेत आणण्या-नेण्याच्या बसला 30, विद्यार्थ्यांच्या मानधनाला 25, प्रयोगाच्या साहित्याला 20, शाळेतल्या शिक्षकांना 10, खाण्यापिण्याला 10 आणि आयत्या वेळच्या खर्चाला 5.

पहिल्यांदा अर्ज करणारे याच्या अगदी उलट मांडतात. साहित्याला सत्तर-ऐंशी भाग, छापील टीशर्टला दहा, आणि बसचं नाव नाही. टीशर्टवर माझा विशेष राग आहे. सात अर्जांपैकी पाचांत टीशर्ट असा एक दिवस मी पाहिलाय.

बस का? कारण मुलांनी प्रयोगशाळा आतून बघणं, भट्टीची धग चेहऱ्यावर घेणं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा नॉब स्वतःच्या हातानं फिरवणं, हे शाळेत नेता येत नाही. आणि ज्या शाळांकडे बससाठी पैसे नाहीत, नेमक्या त्याच शाळांसाठी तुम्ही निधी मागताय.

शिक्षकांचे दहा भागही खोडू नका. तुम्ही परत गेल्यावर मुलांच्या प्रश्नांना तोंड शिक्षकच देतात. एएसएमच्या शिक्षण फाउंडेशनची शिक्षकांसाठीची मटेरियल्स शिबिरं याच विचारानं चालतात: एका शिक्षिकेला आठवडाभर हातानं काम करू द्या, पुढची कित्येक वर्षं ती दरवर्षी नव्या वर्गाला शिकवेल.

प्रयोगाचं कोणतं साहित्य घ्यावं?

स्वस्त, न फुटणारं, आणि मुलांच्या हातात देता येईल असं. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, धूर दिसतो, टाळ्या पडतात. पण मुलं लांब उभी राहून बघतात, आणि त्याची ने-आण व सुरक्षितता यांतच निम्मं बळ जातं. वर्षातून एकदा ठीक.

माझा आवडता प्रयोग केसांच्या पिनांचा. पोलादी पिना घ्यायच्या, प्लास्टिकच्या नाहीत. प्रयोगशाळेत आधीच तीन ढीग तयार करायचे. पहिला ढीग लालभडक तापवून अगदी सावकाश गार केलेला. दुसरा तसाच तापवून थेट पाण्यात बुडवलेला. तिसरा पाण्यात बुडवल्यानंतर घासून चकचकीत करून पुन्हा हलका, निळसर छटा येईपर्यंत तापवलेला. दिसायला फरक थोडाच. मुलांच्या हातात देऊन ‘वाकवा’ म्हणायचं. पहिली पिन मऊ पडून वाकते आणि तशीच राहते. दुसरी काडीसारखी कट्कन मोडते. (डोळ्यांना चष्मा हवाच, तुकडा उडतो.) तिसरी वाकते आणि परत जागेवर येते. धातू तोच, वजन तेच, कार्बन तेवढाच, बदलली ती फक्त आतल्या अणूंची मांडणी. हा सगळा विषय एका वाक्यात सांगायचा तर तो एवढाच आहे, आणि तो मुलांना बोटांनी कळलेला असतो. खर्च पिनांच्या दोन पाकिटांचा.

दुसरा बर्फाचा. साध्या पाण्याचा एक ठोकळा, आणि दुसरा पाण्यात वजनाच्या साधारण 14 टक्के लाकडाचा भुसा कालवून गोठवलेला. हातोडीच्या एका घावात साधा बर्फ चुरा होतो. भुशाच्या ठोकळ्याला खळगा पडतो, बस्स. दुसऱ्या महायुद्धात याच मिश्रणाचं, पायक्रीटचं, विमानवाहू जहाज बांधायचा बेत होता, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात. तंतू घातलेल्या काँक्रीटपासून कार्बन फायबरपर्यंत कुठेही इथून जाता येतं.

नायटिनॉलची तार बहुतेक सगळे घेतात, घ्यावी. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू, नावातली शेवटची अक्षरं तो जिथे सापडला त्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेची. चुरगाळलेली तार गरम पाण्यात टाकली की मूळ आकारावर येते. एकदा आम्ही एकाच थर्मासवर चार वर्ग काढायला गेलो. चौथ्या वर्गापर्यंत पाणी कोमट झालं आणि तार ढिम्म हलेना. प्रयोग दाखवणारा आमचा विद्यार्थी घामाघूम. एक मुलगी म्हणाली, “पाणी पुरेसं गरम नसेल. किती गरम लागतं हिला?” मग अर्धा तास तापमापक आणि गरम-गार पाणी घेऊन त्या वर्गानं तारेचं तापमान स्वतःच शोधून काढलं. तेव्हापासून आम्ही मुद्दाम कोमट पाणी नेतो.

विद्यार्थ्यांना मानधन द्यावं का? सेवाभावाचं काम आहे ना?

द्यावं. फुकट काम कोण करू शकतं? ज्याला संध्याकाळी दुसरी नोकरी करावी लागत नाही तो. म्हणजे मानधन नसेल तर शाळेत जाणारा गट बहुधा सुखवस्तू घरांतलाच बनतो, आणि ज्या विद्यार्थ्याला बघून मुलांना ‘हा आपल्यातला’ वाटलं असतं तो कुठेतरी दुकानात शिफ्ट करत असतो. निधी देणाऱ्या काही संस्था मानधनाला मनाई करतात. तसं असेल तर तो भाग विभागाकडून मागा, किंवा त्याचं रूपांतर श्रेयांकात (अभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये) करता येतं का ते पाहा.

पैसे हातात कधी पडतात?

मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. पुष्कळ ठिकाणी आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परत देऊ, अशी रीत असते. आमच्या एका प्रकल्पात बसचे पैसे मी आणि एका मित्रानं खिशातून घातले. ते परत यायला चार महिने लागले, कारण एका पावतीवर शिक्का नव्हता. त्या काळात त्याचं घरभाडं थकलं होतं, आणि त्यानं ते मला पुढच्या वर्षी सांगितलं.

म्हणून अर्जाच्या आधीच विचारा: उचल मिळेल का? विभाग थेट बिल भरेल का? देणाऱ्यांनाही सांगणं आहे: निम्मी रक्कम आगाऊ द्या. विद्यार्थ्याच्या खिशातून चालणाऱ्या कार्यक्रमात रिकाम्या खिशाचा विद्यार्थी येणार नाही.

विद्यापीठ त्यातून वाटा कापून घेतं का?

बऱ्याचदा हो, प्रशासकीय खर्च म्हणून. छोट्या अनुदानांत देणारी संस्था तो नको म्हणू शकते. हिशेब खात्यात आधी विचारा, नंतर विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं.

परिणाम कसा मोजायचा?

‘कार्यक्रम आवडला का?’ ही प्रश्नावली बंद करा. आवडलाच असतो, तास बुडालेला असतो.

1983 मध्ये डेव्हिड वेड चेंबर्स यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 4807 मुलांना त्यांनी फक्त ‘वैज्ञानिकाचं चित्र काढा’ एवढंच सांगितलं होतं. स्त्री वैज्ञानिक काढली गेली ती 28 चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. ही युक्ती आपल्यालाही जमते: पहिल्या भेटीत आणि शेवटच्या भेटीत ‘नवीन पदार्थ बनवणाऱ्या माणसाचं चित्र काढा’ म्हणा. आमच्याकडे पहिल्या खेपेला बहुतेक गवंडी आणि आचारी आले, जे अगदीच चूक नाही.

याशिवाय तीन साध्या नोंदी ठेवा. पुढच्या भेटीला कोण परत आलं. आपणहून प्रश्न कुणी विचारला. आणि शाळा संपताना कुणी तुमच्याशी संपर्क केला. शेवटची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते, पण देणाऱ्याला दाखवण्यासारखी तीच असते. ‘आमच्या कार्यक्रमामुळे इतके इंजिनियर झाले’ असं मात्र लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही आणि समितीला ते कळतं.

परवानग्या आणि सुरक्षितता?

शाळेचं लेखी पत्र, पालकांची संमती, फोटोची वेगळी संमती, विद्यापीठाचे अल्पवयीन मुलांबाबतचे नियम, प्रत्येक प्रयोगाचं धोक्यांचं टिपण. कोणीही विद्यार्थी एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही. यावर चर्चा नको.

शाळा ‘हो’ म्हणत नाही. काय करू?

तारीख तुम्ही ठरवून गेलात का? कार्यक्रम तुम्ही आखून गेलात का? मग शाळा ‘हो’ का म्हणेल? आधी मोकळ्या हातानं जा, विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा की अभ्यासक्रमातलं काय शिकवताना अडचण येते. अर्जाला त्यांचं पत्र जोडा, आणि ते पत्र तुम्ही लिहून त्यांची फक्त सही घेतलेली नको. अशी पत्रं ओळखू येतात, चार शाळांच्या पत्रांत तीच एक शुद्धलेखनाची चूक असते.

आमची बॅच बाहेर पडली की सगळं बंद पडतं. उपाय?

एक खोकं आणि एक वही. खोक्यात साहित्य, झाकणाच्या आत यादी. वहीत प्रत्येक भेटीचं पानभर: काय नेलं, काय फसलं, कोणत्या शिक्षिकांना कधी फोन केलेला आवडतो, बसवाल्याचा नंबर. संगणकावरही ठेवा, पण ते खातं एका विद्यार्थ्याच्या नावावर नको, तो गेला की पासवर्डही जातो. आणि दरवर्षी किमान दोन कनिष्ठ विद्यार्थी प्रत्येक भेटीला सोबत असावेत, नुसते खोकं उचलायला का होईना.

यंदा निधी नाकारला गेला. शाळेला काय सांगू?

खरं ते, आणि लगेच. मग केसांच्या पिना, हातोडी आणि बर्फ घेऊन चालत जाता येईल अशा एका शाळेपुरतं सुरू ठेवा. समितीला अभिप्राय मागा, बहुतेक जण देतात. पुढच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा की पैसे नसतानाही या शाळेत आम्ही चार वेळा गेलो. असा अर्ज समोर आला की मी चष्मा पुसून तो पुन्हा पहिल्यापासून वाचत असे.